निळ्या काचेचं रीडिंग

मी सातवी पास आहे. पुढे शिकलो नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण पुढे शिकलेली माणसं मी तीस-बत्तीस वर्षं फार जवळून पाहिली. कर्वेनगरातल्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये मी अटेंडंट होतो. पोरं मला मामा म्हणायची, सरलोकही मामाच म्हणायचे. भाचा म्हणून घरी न्यावा असा त्यांच्यात एकही नव्हता.

काम काय, तर प्रयोग मांडून ठेवायचे. तारा जोडायच्या, काचा पुसायच्या, दिवा जागेवर बसवायचा, मीटरचा काटा शून्यावर आणायचा. सर येऊन फळ्यावर सूत्र लिहिणार, पोरं ते उतरवून घेणार, आणि मग सर आणि पोरं मिळून मला विचारणार, "मामा, हे चालू कुठून होतं?"

माझे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात मापं तपासायला होते. घरी आले की फारसं बोलायचे नाहीत. बोलले तर एवढंच, की माप चुकलं की कुणाचा तरी हात जातो. माझं शिक्षण म्हणाल तर ते. बाकी सात वर्षं शाळेत बसलो, ते बसणंच होतं.

लॅबमध्ये माप चुकलं तर कुणाचा हात जात नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

शेवटच्या वर्षाच्या पोरांना एक प्रयोग असतो, 'एच' काढायचा. एच म्हणजे एक आकडा. सगळ्या जगात तो एकच आहे, पुण्यात वेगळा नाही, हे पुणेकरांना जड जातं पण तसं आहे. प्रयोग सोपा आहे. मला समजला तर कुणालाही समजावा. एक काळी पेटी असते. तिच्यात काचेची नळी, तिला फोटोसेल म्हणतात. नळीतल्या पत्र्यावर उजेड पडला की पत्र्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि काटा हलतो. आता गंमत इथे आहे. उजेड वाढवला तर इलेक्ट्रॉन जास्त सुटतात, पण जास्त जोरात सुटत नाहीत. जोर ठरतो तो रंगावर. लाल उजेड मवाळ, निळा कडक, जांभळा त्याहून कडक. कारण उजेड नळाच्या धारेसारखा सलग येत नाही, सुट्या पुड्यांनी येतो. एक पुडी एका इलेक्ट्रॉनला धक्का देते आणि संपते. पुडीत जोर किती, ते रंग सांगतो. पाच फुटांची भिंत असेल तर चार फूट उडी मारणारी हजार पोरं आणलीत म्हणून काही उपयोग नाही, पलीकडे एकही पडायचं नाही. साडेपाच फूट उडणारं एक आणा, ते जाईल.

मग पेटीला उलटा दाब द्यायचा. म्हणजे सुटलेल्या इलेक्ट्रॉनला चढावर पळायला लावायचं. चढ वाढवत न्यायचा. सगळ्यात जोरात पळणाराही जिथे दमून थांबेल तिथे काटा शून्यावर येतो. तो दाब लिहायचा. दिव्यासमोर एकेक रंगीत काच लावून असे पाच दाब घ्यायचे: लाल, दोन पिवळ्या, हिरवी, निळी. प्रत्येक रंगाचा एक ठरलेला आकडा असतो, तो काचेच्या चौकटीवर छापलेला असतो. ग्राफवर पाच ठिपके द्यायचे, त्यातून सरळ रेष काढायची, आणि ती रेष किती चढते त्यावरून एच येतो. पुस्तकात सहा पूर्णांक सहा. पुढे शून्यांची लांबलचक शेपटी आहे, ती सोडून द्या.

वीस मिनिटांचं काम. पण काटा शून्यावर आला की नाही हे बघायला मान वाकवावी लागते, आणि मान वाकवणं हे शिकलेल्या माणसाला कमीपणाचं वाटतं. पोरं आधी सहा पूर्णांक सहा लिहायची आणि तिथून उलटी मागे येत रीडिंग बनवायची. याला कुकिंग म्हणतात. घरी ज्यांना चहा करता येत नाही, ते इथे कुकिंग करायचे. तेही नीट जमेना, तेव्हा माझ्याकडे यायला लागले. "मामा, चांगली रीडिंग आहेत का?"

होती. दर वर्षी टर्म सुरू होण्याआधी मी स्वतः प्रत्येक प्रयोग एकदा करून बघायचो, यंत्र धड आहे की नाही हे कळायला. एका दोनशे पानी वहीत सगळं लिहिलेलं असायचं. अक्षर माझं वडिलांसारखं, सुटं आणि ठसठशीत. मागेल त्याच्यापुढे मी वही टाकत गेलो. दया म्हणून नाही. ज्याला बघायचंच नाही त्याला दाखवण्यात माझा वेळ का घालवू? एवढीच माझी भूमिका. ती वही म्हणजे त्या लॅबमधली एकमेव खरी गोष्ट आहे, असं मी रिटायर होताना मनाशी म्हणालो होतो, आणि वही तिथेच ठेवून आलो.

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका गृहस्थांचं व्याख्यान झालं, क्वांटम आणि अध्यात्म. रेशमी कुडता, गळ्याला माइक. म्हणाले, विज्ञानाने आता मान्य केलंय की सगळं मनात असतं. पुढच्या ओळीतल्या बायका माना डोलवत होत्या. मी उठून विचारलं, "आपण कधी काटा शून्यावर आणलाय का?" ते म्हणाले, "आजोबा, काटा मनाचा असतो." मी चप्पल घातली आणि घरी आलो. इडली होती नंतर, तीसुद्धा खाल्ली नाही.

घरी आता मी आणि माझी नात. मुलगी-जावई बंगळूरला असतात, नात शिकायला माझ्याकडे. ती त्याच कॉलेजात, त्याच लॅबमध्ये, शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले तेव्हा तिनेच सगळं पाहिलं. ऑपरेशननंतर कपाट उघडलं तर माझे सगळे सदरे पांढरेशुभ्र. कैक वर्षं मी त्यांना पिवळे समजून साबणाला नावं ठेवत होतो, आणि बायको होती तोवर तिलाही. तेव्हा हसलो आणि विसरलो.

पंधरा दिवसांपूर्वीच्या बुधवारी नात कॉलेजातून आली आणि जर्नल माझ्यासमोर आपटलं.

"आजोबा, तुमची पेटी खोटं बोलते."

"माझी पेटी खोटं बोलत नाही. तिच्यासमोर बसणारे बोलतात."

"मी तीन वेळा घेतलं. एच आठ येतोय. आठ!"

"तीन वेळा चुकीचं घेतलं असशील."

"तीनही वेळा तेच? चूक एवढी शिस्तीत करते मी?"

हे बोलणं माझं होतं, तिच्या तोंडून आलेलं.

मग तिने उरलेलं सांगितलं. वर्गातल्या सगळ्यांचं सहा पूर्णांक सहा. कुणी पेटी सुरूही केली नव्हती. सरांनी हिचं जर्नल परत केलं, आठवर सही करणार नाही म्हणाले. शनिवारपर्यंत सही झाली नाही तर जर्नल पुरं धरत नाहीत, आणि जर्नल पुरं नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे वर्ष गेलं.

"मग सर म्हणाले काय?"

"म्हणाले, पीडीएफ बघ आणि नीट कर."

"कसली पीडीएफ?"

तिने मोबाईल पुढे केला. मी चष्मा शोधत होतो, पण चष्म्याची गरज पडली नाही. सुटं, ठसठशीत अक्षर. माझी वही. पानापानाचे फोटो काढून कुणीतरी ती मोबाईलवर सोडली होती. वर नाव दिलेलं, 'मामा रीडिंग्ज फायनल'. सर जर्नल तपासतात तेही तीच समोर धरून, असं नात म्हणाली.

"लिही की मग," मी म्हणालो. "खरी रीडिंग आहेत ती. मी घेतलेली."

"तुम्ही घेतलेली. मी नाही घेतलेली."

"वर्ष घालवशील."

"घालवीन."

हट्टी आहे. कुणावर गेली ते सांगायला नको. मी जर्नल उघडून तिचा ग्राफ पाहिला. मला सूत्र कळत नाही, पण सरळ रेष कळते. लाल, पिवळा, पिवळा, हिरवा, चारही ठिपके एका दोरीत. पाचवा, निळा, रेषेच्या वर एकटाच लटकलेला. त्याच्याकडे बघून तिने रेष वर ओढली होती, म्हणून आठ.

निळा.

निळी काच मी बसवलेली आहे. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. कॉलेज तपासायला समिती यायची होती, आणि आदल्या आठवड्यात कुणा दिवट्याने मूळची निळी काच पाडून फोडली. वहीतली त्या वर्षीची रीडिंग त्याआधीच घेऊन झाली होती. नवी मागवायची तर तीन कोटेशनं, दोन सह्या आणि एक उन्हाळा. विभागाचे साहेब म्हणाले, "मामा, तुम्हीच बघा काहीतरी." ज्यांना स्वतः काही बघायचं नसतं ते असंच म्हणतात. मी जुन्या बाजारात गेलो. तिथे रेल्वेवाल्यांचा जुना हातकंदील मिळाला. त्याच्या हिरव्या सिग्नलची काच खरं तर निळसर असते. मागे रॉकेलची पिवळी ज्योत लागली की हिरवी दिसते. हे ठाऊक असणारं त्या इमारतीत दुसरं कोण होतं? काचवाल्याकडून तुकडा कापून घेतला, चौकटीत बसवला. समिती आली, चहा घेतला, काचा चमकतात म्हणाली, गेली.

हे नातीला सांगितलं. वर म्हणालो, "आणि मी आंधळेपणाने बसवली नाही. तपासून बसवली. पाऱ्याचा दिवा लावून स्पेक्ट्रोमीटरमधून पाहिली, उजेडातल्या रंगांच्या रेघा सुट्या दाखवतो त्यातून. निळ्या काचेने जांभळा अडवायला हवा. अडवत होती. जांभळी रेघ दिसली नाही."

"दुसऱ्या कुणी पाहिली होती?"

"दुसऱ्याच्या डोळ्यांवर मी विसंबतो का?"

ती माझ्या सदऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, तेव्हा तुमचे सदरे पिवळे होते का हो?"

त्या दिवशी मी तिच्याशी परत बोललो नाही. जेवलोही वेगळा.

शुक्रवारी सकाळी उठलो, पांढरा सदरा घातला, आणि तिला म्हणालो, चल. रिटायर झाल्यापासून कॉलेजात पाऊल टाकलं नव्हतं. दारावरच्या वॉचमनने विचारलं, "कुणाकडे?" मी म्हणालो, "पेटीकडे." नातीने पुढे होऊन काहीतरी सारवासारव केली.

लॅबमध्ये बॅच चालू होती. पाच-सहा पोरं टेबलाभोवती मोबाईल घेऊन बसलेली, पेटीवर कापड तसंच. सर माझ्याच हाताखालून गेलेले. विद्यार्थी होते तेव्हा याच टेबलावर बसून त्यांनी माझ्या वहीतून पाचही रीडिंग उतरवली होती, आणि वर मला विचारलं होतं, "मामा, हे व्होल्टच आहेत ना?"

"अरे मामा! या या. किती दिवसांनी," सर म्हणाले. मग त्यांना नात दिसली आणि चेहरा बदलला. "अच्छा, ही तुमची नात. सांगा तिला जरा. हुशार आहे, पण व्यवहार नाही."

"तेच सांगायला आलोय. पाऱ्याचा दिवा कुठे ठेवता हल्ली?"

पाऱ्याच्या दिव्याला तापायला वेळ लागतो. तेवढ्यात मी स्पेक्ट्रोमीटर पुसला. त्याच्यावर इतकी धूळ होती की भाजी लावता आली असती. दिवा पांढरा पडल्यावर दुर्बिणीला डोळा लावला. दोन पिवळ्या रेघा जवळजवळ, मग हिरवी, पुढे निळसर आणि शेवटी जांभळी. माझ्या ओळखीची मंडळी. मग पेटीतून निळी काच काढली, जी मी माझ्या हाताने बसवली होती, आणि दिव्यासमोर धरली.

जांभळी रेघ जागच्या जागी होती. जरा फिकी, पण होती. मी काच काढली, परत धरली. होती.

त्या वर्षीही ती तिथेच असणार. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदूची पिवळी काच बसली होती, ती जांभळा गिळत होती, आणि मी म्हणत होतो की काच अडवते. शंभर निळ्या पुड्यांमध्ये दोन जांभळ्या घुसल्या तरी पुरे. चढावर शेवटपर्यंत पळतो तो सगळ्यात जोरात धक्का बसलेला, गर्दी कितीही असो. दाब त्याच्यासाठी वाढवावा लागतो. ठिपका वर लटकतो तो म्हणून. हे सगळं मी पोरांना वर्षानुवर्षं ऐकवत आलो होतो, आणि लॅबमध्ये वीस-वीस वर्षांचे स्वच्छ डोळे दिवसभर रिकामे बसलेले असताना त्यांतल्या एकालाही मी बोलावलं नाही. ये रे, तुला काय दिसतं बघ, एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

"बघ," मी नातीला म्हणालो.

तिने पाहिलं. "आहे," म्हणाली.  तिने आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी सरांना सांगितलं. काच चुकीची आहे, मी बसवलेली आहे, मुलीचं रीडिंग बरोबर आहे.

"मामा, हळू बोला," सर म्हणाले. "इतकी वर्षं सगळ्यांचं व्यवस्थित येतंय. आता हे काढून कशाला..."

"सगळ्यांचं कसं येतंय ते माहितीय तुम्हाला. तुमचं कसं आलं तेही सांगू का? बॅच बसलीच आहे."

पोरांनी मोबाईलवरून माना वर केल्या. त्या टर्ममध्ये पहिल्यांदाच असाव्यात.

"तसं नाही हो मामा. परीक्षेला बाहेरचे येतात. त्यांनी आठ बघितलं तर मला विचारतील."

"अहो सर, मग त्यांना उत्तर द्या. शिकलेले आहात ना तुम्ही?"

सर खुर्चीत बसले. नात मात्र तोवर पेन काढून उभी होती. तिने निळा ठिपका खोडला नाही. त्याच्याभोवती गोल केला, आणि उरलेल्या चार ठिपक्यांतून नवी रेष काढली. हिशेब केला. सहा पूर्णांक तीन.

"सहा पॉइंट सहा का नाही आलं?" सरांनी विचारलं.

"आलं ते आलं," ती म्हणाली.

मला तो शेवटचा तीन फार आवडला. माझ्या वहीत असं ओबडधोबड काही नव्हतं, आणि आता मी विचार करतो की का नव्हतं. दर वर्षी चार-पाच वेळा घेऊन त्यातलं सगळ्यात देखणं मी वहीत लिहायचो. याला काय म्हणतात ते मी वर लिहिलंच आहे.

जर्नलमध्ये शेवटी, चूक का आली त्याची कारणं लिहायची जागा असते. पोरं तिथे तीन ठरलेल्या ओळी लिहितात. नातीने इंग्रजीत स्वतःचं लिहिलं. मी म्हणालो, मराठीत वाच. तिने वाचलं, "निळा फिल्टर मूळचा नसून कोणीतरी बदललेला आहे. त्यातून जांभळा प्रकाश जातो."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

"आजोबा, राहू दे ना."

"खोड ते. लॅब अटेंडंटने बदलला, असं लिही. डोळ्यांनी तपासला आणि डोळे खराब होते, हेही लिही."

तिने खोडलं आणि तसं लिहिलं. मी म्हणालो, यात मी कुठे आहे ते दाखव. तिने बोट ठेवलं. त्या लॅबमधली हजारो जर्नलं मी उचलली, रचली, कपाटात कोंबली. एकातही माझा उल्लेख आला नव्हता. आला तो असा.

सरांनी सही केली. तारीख घालायला विसरले, ती नातीने घालून घेतली. सोमवारी तिची परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या बाईंनी जर्नल उलटसुलट करून पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं की तुमच्या कॉलेजात आता नवी निळी काच आली का.

नाही आली. त्या शुक्रवारी निघताना मी ती काच चौकटीतून काढून रुमालात गुंडाळली होती. सर म्हणाले, "मामा, ती राहू द्या, सेट अपुरा दिसेल." मी म्हणालो, "माझी आहे, मी नेतो." वहीही मागितली, पण ती कुणालाच सापडेना. मोबाईलवर आहे की, म्हणाले.

काच आता माझ्या कपाटात आहे, सदऱ्यांच्या वर. काल नात सांगत होती, ज्यांची परीक्षा नंतर आहे त्या बॅचचा तो प्रयोग झाला. पेटीला निळी काच नाही, तिथे मोकळी चौकट आहे. सगळ्यांनी निळ्याचं रीडिंग लिहिलंय. सगळ्यांचं सहा पूर्णांक सहा.